बुडीत कोणाच्या खात्यात?

'दामदुप्पट' हा शब्द आज मराठी वर्तमानपत्रात भेटतो तो बहुतेक वेळा गुन्ह्याच्या बातमीत. दामदुप्पट परताव्याचे आमिष, ठेवीदारांची गर्दी, कार्यालयाला कुलूप, संचालक फरार असा बातमीचा साचा ठरलेला आहे. त्यामुळे ऐकणाऱ्याला या शब्दाचा वास येतो तो फसवणुकीचा. पण शब्द निघाला होता नेमक्या उलट कामावर. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, असा हिंदू धर्मशास्त्राचा जुना नियम आहे. मनुस्मृतीत तो सापडतो आणि इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातली न्यायालयेही तो मानत होती. त्याचे नाव दामदुपट. शंभर रुपये दिले असतील, तर कितीही वर्षे उलटली तरी सावकाराने एका वेळी दोनशेच्या वर मागायचे नाहीत.

दुपटीचा हिशेब तोच आहे. पूर्वी मात्र हा शब्द पैसे देणाऱ्याला बजावत होता, 'यापुढे नाही'. आज तो पैसे देणाऱ्यालाच भुलवतो, 'इथपर्यंत नक्की'. ऋणकोभोवती घातलेल्या कुंपणाचे ठेवीदाराला पकडणारे जाळे झाले. शब्दांचे अर्थ बदलतात यात नवल नाही. प्रश्न असा आहे, की पैशाच्या व्यवहारातला शब्द नुसता बदलला असे कधी म्हणायचे आणि तो खोटा झाला असे कधी म्हणायचे?

मी बेंगळुरूत राहते आणि कन्नडमधून मराठीत भाषांतर करते, म्हणून हा प्रश्न मला कामाचा भाग म्हणून पडतो. दुसऱ्याच्या पैशावर धंदा उभा करण्याच्या दोन बोली या शहरात शेजारीशेजारी नांदतात. कोरमंगलाच्या कॉफीच्या टेबलांवर सीड, एंजल, रनवे, बर्न ऐकू येते. पहाटेच्या के. आर. मार्केटात चीटि, कैगड, मीटर बड्डी ऐकू येते. दोन्हीकडे गरज एकच असते. सुरुवातीला हातात चार पैसे हवे असतात आणि ते स्वतःकडे नसतात. त्या पैशाला कन्नडमध्ये 'बंडवाळ' म्हणतात, मराठीत 'भांडवल'. ही सख्खी भावंडे. 'कैगड' म्हणजे आपले 'हातउसने', आणि दोन्ही भाषांना इथे हातच आठवला, कागद आठवला नाही.

पण भावंडे दिसतात म्हणून ती एकाच घरात राहतात असे नाही. मराठीतला 'हप्ता' घ्या. घराच्या कर्जाचा हप्ता बँकेत भरतात आणि दुकान सुरळीत चालावे म्हणून गुंडालाही हप्ताच देतात. मूळ फारसी शब्दात फक्त सात दिवसांचा आठवडा आहे, पैसा कशासाठी ते नाही. कन्नडने इथे दोन खण केले. कर्जाचा तो 'कंतु', खंडणीचा तो 'हफ्ता'. 'धंदा' मराठीत सरळही असतो आणि वाकडाही. कन्नडमध्ये गेल्यावर त्याचा 'दंधे' झाला आणि तो कायमचा बेकायदा ठरला. वाळूचा दंधे असतो, मीटर बड्डीचा दंधे असतो, किराणा दुकानाचा दंधे नसतो. उलट 'साहुकार' हा उत्तर कर्नाटकात मानाचा शब्द आहे, तर मराठी कथा-कादंबऱ्यांनी 'सावकारा'ला खलनायकाच्या खुर्चीवर कायमचे बसवून ठेवले आहे. मराठीत 'मामुली' म्हणजे क्षुल्लक. कन्नडमध्ये 'मामूल' म्हणजे पोलिसाला किंवा दादाला नेमाने पोचणारी चिरीमिरी. रिवाजाची म्हणून ती मामूल.

खुद्द 'व्याज' हा शब्दही असाच आहे. संस्कृतात त्याचा अर्थ बहाणा, सोंग, कपट. व्याजस्तुती, व्याजोक्ती हे अलंकार शाळेत शिकवतात त्यात तोच आहे. कन्नडमध्ये जवळचा 'व्याज्य' म्हणजे कोर्टकज्जा. आणि कन्नडमधले व्याज म्हणजे 'बड्डी', तिच्या मागे 'वृद्धी' उभी आहे. एका भाषेने त्या जादा रकमेत वाढ पाहिली, दुसरीच्या शब्दात बहाणा दडलेला राहिला. यावरून कोणत्या समाजाची नीती बरी हे ठरवायला मी जाणार नाही. सभ्य शब्द आणि गुन्हेगारी शब्द असे दोन ढीग करून भाषांतरकाराचे काम भागत नाही, एवढेच यातून दिसते. तोच शब्द नदी ओलांडली की दुसऱ्या ढिगात जातो.

ढीग मोडून पडले की एक सोपा निष्कर्ष हाताशी येतो आणि साहित्याच्या माणसांना तो फार आवडतो. तो असा: गुन्हेगारांची बोली निदान प्रामाणिक असते, प्रतिष्ठितांची बोली मुलामा देते. 'मीटर बड्डी' म्हटले की काही झाकलेले राहत नाही. बेंगळुरूच्या रिक्षात बसलेल्या प्रत्येकाला मीटर म्हणजे काय ते माहीत आहे. सिग्नलला रिक्षा थांबली तरी ते सरकत राहते. या कर्जाचे व्याज तसे चालते. दुसरीकडे 'रनवे' म्हणजे कंपनीकडे किती महिने पुरेल एवढा पैसा उरला आहे, आणि 'बर्न' म्हणजे दरमहा किती पैसा जळतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उड्डाण येते, ज्योत येते. रनवे संपल्यावर विमान न उडाल्यास आतल्या माणसांचे काय होते, हे त्या चित्रात नाही. इंग्रजीत 'लोन शार्क' ही शिवी आहे, पण २०२१ च्या डिसेंबरपासून आपल्याकडे दूरदर्शनसंचावर होतकरू उद्योजक 'शार्क' मंडळींसमोर आनंदाने उभे राहतात.

तरीही हा निष्कर्ष मला पटत नाही. एक तर गुन्ह्याची बोलीही भरपूर झाकते. 'पेटी' म्हणजे लाख आणि 'खोका' म्हणजे कोटी, ही मुंबईच्या टोळ्यांची मापे मुद्दाम पैसा न उच्चारण्यासाठीच आहेत. पुढे ती इतकी रुळली की ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांच्या आरोपांच्या घोषणेत 'खोके' गाजले. 'सुपारी'ही तशीच. लग्न ठरले की सुपारी फुटते, गावच्या जत्रेसाठी तमाशाच्या फडाला सुपारी देतात. काम पक्के झाल्याची ती खूण. माणूस मारण्याच्या करारासाठी तोच शब्द उचलणे यात सचोटी कसली? त्यात रक्ताला मंगलकार्याचा आडोसा दिला आहे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. उघडपणे बोलणे आणि न्यायाने वागणे या निराळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडे भाषांतराला आलेल्या एका कन्नड कथेत भाजी विकणारी बाई पहाटे नऊशे रुपये घेते आणि संध्याकाळी हजार परत करते. हा व्यवहार कथेपुरता नाही, या शहराच्या बाजारांत तो सर्वांच्या परिचयाचा आहे. यात लपवाछपवी अजिबात नाही. दर पाठ आहे, मुदत पाठ आहे, कागद नाही. आता हिशेब करू. दिवसाला शंभर रुपये. नऊ दिवसांत व्याज मुद्दलाइतके होते, म्हणजे दामदुपटीची मर्यादा नवव्या दिवशी गाठली जाते. वर्षातून तीनशे दिवस बाजार केला तर नऊशे रुपयांच्या भांडवलासाठी बाईने तीस हजार रुपये दिलेले असतात. पण दामदुपटीचा नियम इथे कधीच लागू पडत नाही, कारण रोज संध्याकाळी कर्ज फिटते आणि रोज पहाटे नवे जन्मते. ज्या दिवशी पाऊस पडतो, माल सडतो, त्या दिवशीही हजारच द्यायचे असतात. शब्द स्वच्छ आहे आणि बाई बुडते आहे.

म्हणजे शब्द गोड की कडू, उघडा की झाकलेला, यावर निवाडा होत नाही. मग कशावर होतो? मला वाटते, याचे उत्तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. जमीन दुसऱ्याला कसायला देण्याच्या दोन रीती आहेत. खंडाने दिली तर ठरलेली रक्कम किंवा धान्य मालकाला मिळालेच पाहिजे, पीक येवो की न येवो. बटईने दिली तर पिकेल त्याचे वाटे होतात. गारपीट झाली तर मालकाच्या कोठारातही काही येत नाही. दोन्ही रीतींत मालक पैसेवाला असतो, दोन्हींत तो लोभी किंवा दयाळू असू शकतो. पण एकीत तो कसणाऱ्याबरोबर बुडतो, दुसरीत काठावर उभा राहतो.

पैशाचे सगळे शब्द, सभ्य आणि असभ्य, या दोन रीतींत वाटता येतात. व्याज, मीटर, हप्ता, मामूल हे खंडाचे शब्द. भाग, पाती, हिस्सा, शेअर हे बटईचे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटकाला पैसा पुरवणाऱ्याला 'एंजल' म्हणत, तिथून हा शब्द उद्योगात आला. तो कितीही भाबडा वाटला तरी त्याच्या जागी बसलेला आहे, कारण नाटक पडले तर एंजलचे पैसेही पडतात. नव्या कंपनीत त्याने पैसे घातले आणि कंपनी बुडाली, तर संस्थापकाच्या आईचे मंगळसूत्र कोणी मागायला येत नाही. एवढी गोष्ट त्या शब्दाच्या बाजूने मान्य केलीच पाहिजे.

या दोन रीतींमधली सीमा जगाने फार पूर्वी ओळखली होती. प्राचीन अथेन्समध्ये समुद्रव्यापारासाठी कर्ज देत, त्याचे व्याज जबर असे. पण जहाज बंदराला सुखरूप लागले तरच परतफेड, बुडाले तर कर्जही बुडाले, अशी अट असे. कौटिल्यानेही जोखमीप्रमाणे दर चढवले आहेत. शेकडा महिना सव्वा पण हा धर्माला धरून, व्यापाऱ्याला पाच, अरण्यातून जाणाऱ्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस. जो अधिक धोका पत्करतो त्याने अधिक घ्यावे, हे तत्त्व समजण्यासारखे आहे. अथेन्सच्या लोकांनी याच व्यवहारातली लबाडीही पाहिली होती. डेमोस्थेनिसच्या नावे असलेल्या एका भाषणात, कर्ज बुडवता यावे म्हणून भर समुद्रात जहाजाच्या तळाला भोक पाडणाऱ्याची हकीकत आहे. बटईची अट घ्यायची आणि पीक स्वतःच जाळायचे, असा तो प्रकार.

शब्द खोटा होतो तो या सीमेवर. एका रीतीचा शब्द दुसऱ्या रीतीच्या व्यवहाराला चिकटवला की तो खोटा झाला. आमच्या शहरातले याचे सर्वांत जिवंत उदाहरण म्हणजे आयएमए. आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी ही २००६ साली सुरू झालेली कंपनी, कार्यालय शिवाजीनगर भागात. इस्लामी कायद्यात व्याज निषिद्ध आहे, नफा-तोट्यातली भागीदारी चालते. त्या भागीदारीचा नियम असा, की धंदा बुडाला तर भांडवल देणाऱ्याचे भांडवल जाते आणि राबणाऱ्याची मेहनत जाते. म्हणजे बटईच. कंपनीने गुंतवणूक करणाऱ्यांना ठेवीदार म्हटले नाही, भागीदार म्हटले. जे देई त्याला व्याज म्हटले नाही, नफा म्हटले. आणि एकूण योजनेला हलाल म्हटले. बँकेच्या व्याजाला हात लावायचा नाही म्हणून वर्षानुवर्षे पैसा घरात ठेवणाऱ्या कुटुंबांनी या शब्दांवर विश्वास टाकला. निवृत्तीची रक्कम आली, मुलीच्या लग्नासाठी साठवलेले आले. जून २०१९ मध्ये पैसे येणे थांबले. कार्यालयासमोर हजारो लोक तक्रारी घेऊन उभे राहिले. परदेशी गेलेल्या संस्थापकाला जुलैत दिल्लीत अटक झाली आणि प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले.

त्या लोकांना हावरट म्हणणे सोपे आहे, आणि तेव्हा पुष्कळांनी म्हटलेही. मला ते अन्यायाचे वाटते. त्यांतल्या अनेकांनी शब्द गंभीरपणे घेतला होता. व्याज टाळण्यासाठी बुडण्याची जोखीम पत्करायला हवी, हे त्यांच्या धर्माने त्यांना शिकवले होते आणि कागदावर शब्दही तोच होता. खूण एकच होती. धंदा कधी चांगला चालतो, कधी बसतो. खऱ्या भागीदाराच्या नफ्याचा आकडा वरखाली होतो आणि एखाद्या महिन्यात तो शून्यही असतो. इथे महिन्यामागून महिना पैसे येत राहिले. खंड देत होते आणि त्याला बटई म्हणत होते. शेवटी भागीदारीचा शब्द खरा झाला तो फक्त तोट्याच्या वेळी. कन्नडमध्ये एखाद्याचे ढोंग उघडकीला आले की त्याचे 'बंडवाळ बयलु' झाले म्हणतात. भांडवल उघड्यावर आले, म्हणजे आपल्याकडे पितळ उघडे पडले. वाक्प्रचार हसत हसत वापरतात. त्या जूनमध्ये तो शब्दशः खरा होता.

हे फक्त बुडव्यांनाच लागू आहे असे मात्र नाही. आज प्रतिष्ठित गुंतवणुकीच्या करारांत बहुधा 'लिक्विडेशन प्रेफरन्स' नावाचे कलम असते. कंपनी विकली गेली किंवा बंद पडली, तर येणाऱ्या पैशांतून गुंतवणूकदाराने घातलेली रक्कम आधी काढून घ्यायची. उरले तर संस्थापक आणि हिस्सा मिळालेले कर्मचारी. हे कायदेशीर आहे आणि दोन्ही बाजूंचे वकील ते वाचून सही करतात. पण मराठीत सांगायचे तर ही अशी बटई आहे, की जिची पहिली पोती मालकाची. ती कोणी मान्य करावी की करू नये, हा करार करणाऱ्यांचा प्रश्न. तिला निखळ भागीदारी म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे. पगार कमी घेऊन कंपनीच्या शेअरवर भिस्त ठेवणाऱ्या पंचविशीच्या मुलीला तो फरक माहीत असला पाहिजे.

उलट दिशेचे उदाहरण आपल्या घरचे आहे, ते म्हणजे 'उचल'. बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसे मोजायची ती हत्याराने. उचल म्हणजे मजुरीतली आगाऊ रक्कम, असा साधा अर्थ. आगाऊ मजुरी दिली असेल तर पुढच्या कामाची जोखीम देणाऱ्यानेही थोडी उचलली, असे वाटावे. प्रत्यक्षात दिवस भरला नाही की 'खाडा' पडतो आणि त्याचा दंड कापला जातो. हंगामाअखेर रक्कम फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. आजारपण, बाळंतपण, पाऊस हे सगळे कोयत्याच्या खात्यात. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा खाड्याच्या भीतीचे नाव त्याला जोडूनच पुढे आले. वेठबिगारी बंद करणारा १९७६ चा कायदा 'आगाऊ रक्कम' या शब्दापासूनच सुरुवात करतो, ते उगाच नव्हे. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंग्रजीत त्याचे नाव 'द ब्रँडेड' झाले. डाग दिल्याचा अर्थ तिथे आला, पण उचल घेणारा आणि उचल्या ठरवला जाणारा यांतला मराठी शब्दाचा धागा तुटला. त्याला इलाज नव्हता, तरी काय तुटले हे सांगता आले पाहिजे.

आता एक आक्षेप. शब्दांची अशी तपासणी म्हणजे पंतोजीगिरी झाली. भाषा आपल्या मर्जीने चालते, तिला कोण अडवणार? आक्षेपात तथ्य आहे. 'शहाजोग' हा एके काळी हुंडीच्या कागदावरचा भारदस्त शब्द होता. शहाजोग हुंडी पतवान, प्रतिष्ठित सावकारालाच वटवता येई. आज शहाजोगपणा म्हणजे सभ्यतेचा आव. 'हुंडी' दक्षिणेत देवळातली दानपेटी झाली. 'हवाला' आपण ग्रंथाचाही देतो आणि चोरट्या मार्गाने पैसाही हवाल्यानेच पाठवतात. यांत कोणी कोणाला फसवले नाही. हे शब्द लोकांच्या तोंडी झिजत झिजत दुसरीकडे गेले आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी कोणता अर्थ ते कळते. नव्या अर्थाने ज्याचे नुकसान होते त्यालाच तो अर्थ कळू द्यायचा नाही, अशी व्यवस्था असेल तेव्हाच माझी तक्रार आहे.

शब्द मुद्दाम बदलणेही नेहमी वाईट नसते. भिशीची कायदेशीर बहीण म्हणजे चिट फंड; कर्नाटकात एमएसआयएल ही सरकारी कंपनीसुद्धा चिट चालवते. पण २०१३ च्या शारदा घोटाळ्यासारख्या प्रकरणांना सर्रास चिट फंड म्हटल्यामुळे नाव बदनाम झाले. म्हणून २०१९ मध्ये चिट फंड कायद्यात दुरुस्ती करून काही नवी नावे आणली. त्यांतले एक 'फ्रॅटर्निटी फंड', म्हणजे बंधुत्वाचा निधी. हे नाव मला नुसते रंगकाम वाटते. दुसरा बदल मात्र विचार करण्याजोगा आहे. वीस जण दरमहा पाच हजार घालतात, लाख जमतात. ज्याला निकड असते तो लिलावात ऐंशी हजारांवर समाधान मानतो. उरलेल्या वीस हजारांतून चालकाचे पाच हजार गेले तर पंधरा हजार वीस जणांत वाटले जातात, माणशी साडेसातशे. या साडेसातशेला कायदा पूर्वी 'डिव्हिडंड', म्हणजे लाभांश म्हणत असे. आता 'शेअर ऑफ डिस्काउंट', म्हणजे सोडलेल्या रकमेतला वाटा म्हणतो. लाभांश ऐकले की वाटते, कुठेतरी धंदा झाला आणि नफा आला. नवे नाव सांगते, की तुमच्यातल्या कोणाला तरी फार निकड होती आणि त्याने पैसे सोडले, त्यातला हा तुमचा तुकडा. रूक्ष कायद्याने इथे लालित्यापेक्षा चांगले भाषांतर केले.

मी हे सूत्र माझ्या कामात वापरू लागले आहे. भाजीवालीच्या कथेत 'मीटर बड्डी'ला मराठीतल्या कोणत्याही जुन्या शिवीने भरून काढायचा मोह होता. मी 'मीटर' तसेच ठेवले, कारण थांबलेल्या रिक्षातही सरकणारा आकडा मराठी वाचकालाही समजतो. 'एंजल'चा देवदूत मी करत नाही. ज्याचे पैसे बुडू शकतात असा माणूस वाक्यात दिसेल, एवढे पाहते. 'कंतु'ला हप्ता म्हणते तेव्हा भोवतालच्या शब्दांतून तो बँकेचा की दादाचा हे उमटू देते. २०१८ मध्ये कर्नाटक सरकारने रस्त्यावरच्या विक्रेत्यांना बिनव्याजी कर्ज देण्याची योजना आणली, तिचे नाव 'बडवर बंधु', गरिबांचा भाऊ. नाव थोडे नाटकी आहे. पण व्याज नसेल तर भाऊ म्हणवून घेण्याचा थोडा हक्क पोचतो, म्हणून ते मी जसेच्या तसे मराठीत घेतले. नाव आणि व्यवहार यांत अंतर किती, हे योजना कशी चालते त्यावर ठरेल. माझ्या शब्दाने ते आधीच मिटवू नये.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. ज्यांच्यावर ते बांधले गेले होते ते कागद मिळवून जाळणे, हा शेतकऱ्यांचा मुख्य हेतू होता. आपण अंगठा उठवलेला कागद काय म्हणतो हे त्यांच्यापैकी बहुतेकांना वाचता येत नव्हते. तो काय करतो हे मात्र कळत होते. चार वर्षांनी, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, त्यात शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे अशी तरतूद होती. दोन पक्षांमध्ये शब्द जात असताना तिथे तिसरे कोणीतरी हजर असावे, एवढीच ती कल्पना. बुडाले तर कोणाच्या खात्यात, हे अंगठा उठण्याआधी ऋणकोच्या भाषेत सांगितले गेले की नाही, हे त्या तिसऱ्याने पाहायचे असते. माझ्या टेबलावर कथा असतात, खते नसतात. पण मी तिथे बसते ती याच कामासाठी.